कराड ते यवतमाळ: मंडपातल्या निषेधाची पार्श्वभूमी

मराठी साहित्यविश्वातला पहिला गाजलेला निषेध गैरहजेरीचा होता. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. सभेतल्या भाषणांची आठवण कुणी काढत नाही. पत्रातले ‘घालमोड्या दादा’, म्हणजे उच्चवर्णीय ग्रंथकारांना मारलेला टोमणा, मात्र अजून अंगाला लागतात.

मंडपात उभं राहून केलेल्या विरोधाचा विषय निघाला की सगळे थेट कराडचं साहित्य संमेलन गाठतात. डिसेंबर १९७५. आणीबाणीला सहा महिने होत आलेले आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण खुद्द केंद्रात परराष्ट्रमंत्री. अशा मंडपात अध्यक्षपदावरच्या विदुषी दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरोधी नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. जयप्रकाश नुकतेच कैदेतून सुटले होते. मूत्रपिंडं निकामी झालेली, मुंबईत जसलोकमध्ये उपचार चाललेले. आजारी माणसाला बरं वाटू दे, यात आक्षेप तरी कशावर घेणार? वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे कराड पसरलं ते तोंडोतोंडी. पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली.

१९९६ मध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ हा राज्याचा सर्वोच्च सन्मान घेताना पु. ल. देशपांडे या लाडक्या लेखकाने सरकारलाच सुनावलं. उत्तरादाखल बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्याच्या नावावर ‘मोडका पूल’ अशी जी कोटी केली ती भाषणापेक्षा जास्त गाजली. २०१५ मध्ये विवेकवाद्यांच्या हत्यांनंतर पुरस्कार परत करण्याची लाट आली, तिला ‘पुरस्कारवापसी’ हे टिंगलीचं नावही चिकटलं.

त्या लाटेत अग्रभागी असलेल्या नयनतारा सहगल या इंग्रजी लेखिकेलाच यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन करायला बोलावलं होतं. संमेलन ११ जानेवारी २०१९ ला सुरू व्हायचं, आणि तोंडावर आयोजकांचं पत्र गेलं: येऊ नका. याला काय म्हणायचं, इथेच घोळ आहे. आयोजकांच्या बाजूचे म्हणत, निमंत्रण ‘मागे घेतलं’, कारण संमेलन उधळून लावण्याची धमकी होती. बाकीचे म्हणत, ‘रद्द केलं’. शब्दांत फरक थोडा, पण जबाबदारी कुणाची ते त्यावरच ठरतं. धमकी इंग्रजी लेखिका नको म्हणून आलेली. धमकी देणाऱ्या मनसेचे प्रमुख राज ठाकरे यांनी नंतर आपला विरोध नसल्याचं सांगितलं. तरीही निमंत्रण गेलं ते गेलंच. मग खरी भीती भाषेची होती की भाषणाची? भाषणाचा मजकूर आयोजकांकडे आधीच पोचला होता, हे लक्षात घेतलं तर उत्तर फार लांब नाही. पत्र स्थानिक आयोजकांचं की संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या संमतीचं, यावरही जुंपली. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

उद्घाटन अखेर आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झालं. श्रोत्यांत काही बायका त्याच लेखिकेच्या चेहऱ्याचे कागदी मुखवटे लावून बसल्या होत्या. पाहुणी डेहराडूनला, चेहरा मंडपात. संमेलनाच्या नव्या अध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही झाल्या प्रकाराबद्दल भाषणात नापसंती बोलून दाखवली. तोवर न झालेल्या भाषणाचा मराठी अनुवाद व्हॉट्सॲपवर घरोघर फिरलेला होता. ती पाहुणी आली असती, बोलली असती, तर इतकं वाचलं गेलं असतं का, शंकाच आहे.

महिन्याभरातच, ८ फेब्रुवारीला, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर या ज्येष्ठ अभिनेत्याला भाषणाच्या मध्येच टोकण्यात आलं. विषयाला धरून बोला, असं त्याला पुन्हापुन्हा सांगितलं जात होतं. कुणाच्या तरी मोबाइलवर ते सगळं टिपलं गेलं, आणि रात्रीपर्यंत बरव्यांचं एकही चित्र न पाहिलेल्यांनी ती क्लिप पाहिलेली होती.