बास मासा रंगांधळा नसतो

अमेरिकेतील तळ्यांच्या काठावरून लार्जमाउथ बास पकडणाऱ्यांमध्ये एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो असा की या माशाला रंग दिसतच नाहीत, म्हणून कृत्रिम आमिषाचा रंग कोणताही चालतो. हा समज चुकीचा आहे. बासच्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, असतात. एक हिरव्या, सुमारे 535 नॅनोमीटरच्या, तर दुसरी तांबड्या, सुमारे 614 नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी माशांना खाऊ देऊन विशिष्ट रंग निवडायला शिकवले, तेव्हा तांबडा आणि हिरवा त्यांनी अचूक ओळखला, परंतु पोपटी-पिवळा व पांढरा, तसेच निळा व काळा यांत त्यांची गफलत झाली. त्यामुळे पांढरे आमिष जवळ असताना केवळ रंगासाठी पिवळे विकत घेणे मला अनावश्यक वाटते.

काठावरून मासेमारी करताना मात्र रंगाआधी आमिषाची घडण पाहावी, कारण तेथे पाणी उथळ, शेवाळ दाट आणि गळ अडकण्याची भीती कायम असते. अशा जागी हुकाचे टोक मऊ प्लास्टिकच्या अळीत दडवणारी ‘टेक्सास रिग’ नावाची जोडणी उपयोगी पडते. गढूळ पाण्यात स्पिनरबेट हे फिरत्या पात्याचे आमिष घ्यावे, कारण त्याची कंपने मासा अंगाच्या बाजूवरील पार्श्वरेषा या संवेदी अवयवाने टिपतो. आमिष तळ्याच्या मध्यभागी भिरकावण्यापेक्षा काठाला समांतर फेकावे, म्हणजे ते मासे दबा धरून बसतात त्या पट्ट्यात अधिक वेळ राहते.