पारा कमी, धोका जास्त

४२ अंशांचा कोरडा दिवस आणि ३५ अंशांचा दमट दिवस, यांतला जास्त घातक कोणता? बातमी पहिल्याची होते. शरीराला मात्र दुसरा जड जाऊ शकतो.

नुसतं बसलेलं शरीरही सुमारे १०० वॅट उष्णता तयार करत असतं आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून तापली की उष्णता उलट आत शिरू लागते. मग भिस्त एकट्या घामावर. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे बसल्या जागी साडेसहा तासांत तयार होणारी सगळी. पण वाळला तर! नुसता निथळून गेलेला घाम पाणी आणि मीठ घालवतो, गारवा देत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वेट बल्ब तापमान पाहतात. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा सोडला की जो आकडा दिसतो, तो. २० टक्के आर्द्रतेत ४२ अंशांना हा आकडा २४च्या आसपास येतो. ७५ टक्के आर्द्रतेत ३५ अंशांनाच ३१ होतो. स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या हवामान शास्त्रज्ञांनी २०१० साली वेट बल्बची ३५ ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा मांडली होती. पुढे पेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत धडधाकट तरुणांच्याही शरीराचं तापमान दमट हवेत वेट बल्ब ३०-३१ असतानाच चढू लागलं. वृद्धांची मर्यादा त्याहूनही खाली. आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प सामावू शकते, ही हवामान बदलातली खरी मेख.

उपायही यावरूनच ठरतात. दमट उकाड्यात पंखा घाम वाळवतो. मात्र पारा चाळिशीपार गेला की तोच पंखा गरम हवा अंगावर आणतो. तेव्हा अंग आणि कपडे ओले ठेवणं जास्त कामाचं. एअर कंडिशनर हमखास गारवा देतो, फक्त खोलीतली उष्णता गल्लीत नेऊन टाकतो (शेजाऱ्यांना विचारा).

शरीर उन्हाला सरावतंही. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळेच हंगामातली पहिली लाट आणि नव्या कामगाराचे उन्हातले पहिले दिवस सर्वांत जोखमीचे. रात्रीही तापलेल्या राहिल्या, तर दिवसभराचा ताण उतरायला वेळच मिळत नाही.

उन्हातला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याला सावलीत आणून, अंगावर गार पाणी ओतून वारा घालत राहावं. पॅरासिटामॉल देऊ नये. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वाढवतो, औषध तिथे काम करतं; इथे मेंदूचा तसा हुकूमच नसतो.