रक्ताचा कर्करोग: उपचार वाढवण्याचा आणि मग कमी करण्याचा इतिहास

बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि १० जणांचा आजार ओसरला. हा निबंध १९४८ चा. औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ओसरलेला आजार मात्र काही महिन्यांतच उलटायचा.

साठच्या दशकात चार-चार औषधे एकत्र देणे सुरू झाले. रक्त आणि बोन मॅरो स्वच्छ दिसू लागले, तरी आजार उलटलाच, आता मेंदूच्या आवरणात. शिरेतून दिलेली बहुतेक औषधे तिथे पुरेशी पोचत नाहीत. म्हणून मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७-६८ मध्ये डोक्याला २४०० रॅड (रेडिएशन मोजण्याचे जुने एकक) रेडिएशन आणि पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध दिले. निम्मी मुले दीर्घकाळ जगली.

ती मोठी झाली तेव्हा रेडिएशनचे परिणाम दिसले: उंची खुंटलेली, अभ्यासात मागे पडणे, काहींना वर्षांनंतर मेंदूत नवी गाठ. मात्रा आधी १८०० वर आली. २००० ते २००७ या काळात त्याच रुग्णालयाने डोक्याचे रेडिएशन सरसकट वगळले आणि मणक्यातून द्यायची औषधे वाढवली. पाच वर्षांनी ९३.५ टक्के मुले जिवंत होती.

हॉजकिन या लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही तेच घडले. मॉप या चार औषधांच्या जुन्या उपचाराने आजार बरा व्हायचा, पण वंध्यत्व यायचे आणि काहींना पुढे ल्युकेमिया व्हायचा. छातीला रेडिएशन घेतलेल्या मुलींमध्ये स्तनाचा कर्करोग वाढला. त्यामुळे त्यांची स्तनतपासणी वयाच्या २५ व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यांपैकी जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी करतात. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाची एकूण मात्रा दर चौरस मीटरला २५० मिलीग्रॅम किंवा जास्त झाली असेल, तर हृदयाला धोका अधिक. दम लागण्याच्या खूप आधी हृदयाची ताकद घटू लागते, ती घट इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसते. उपचार संपताना औषधांची नावे, एकूण मात्रा आणि रेडिएशनची जागा लिहून घ्यावी ती यासाठीच. नुसती डिस्चार्जची चिठ्ठी पुरत नाही.

सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियात २००१ साली इमॅटिनिब हे गोळीचे औषध आले आणि आयुष्यभर गोळी हा नियम झाला. आता तोही सैलावतो आहे. काही वर्षे जनुक-तपासणीत आजार जवळजवळ दिसलाच नाही, तर निवडक रुग्णांची गोळी थांबवतात. साधारण निम्म्यांमध्ये तो परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून त्या काळात तपासणी दरमहा. गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांचा आजार परत आटोक्यात येतो.