खानदेशातले दगडी पूल: आधी बंधारा, मग कमान

खानदेशातल्या आडवाटांवर आज दिसणारे दगडी कमानींचे पूल बहुतेक इंग्रजी अमदानीतले. त्याआधी नदी ओलांडायची ती उतार, म्हणजे पाणी उथळ असलेली जागा बघून, नाहीतर नावेने. तापीकाठचा थाळनेरचा किल्ला अशाच एका उतारावर नजर ठेवून उभा आहे. सुरत-बऱ्हाणपूरची व्यापारी वाट तिथून जायची. दोन्ही काठ खोल मातीचे आणि पावसाळाभर पुराची भीती, अशा पात्रात खांब उभे करण्याच्या फंदात कोण पडणार?

दगड-चुन्याचे काम मात्र इथल्या लोकांना नवे नव्हते. पांझरा नदीवर, आणि शेजारच्या बागलाणात मोसम व आरम नद्यांवर, फड पद्धतीचे बंधारे तीनचारशे वर्षांपासून आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचा एक गट. एका फडात सगळ्यांचे पीक एकच, आणि पाणी फिरवायला गावाने नेमलेले पाटकरी. माझ्या मते खानदेशचा खरा दगडी वारसा हाच. पूल त्याच्या मानाने कालचे.

1818 साली मुलूख इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणे केले. मालेगाव-धुळे-शिरपूर असा जाणारा मुंबई-आग्रा रस्ता त्यांच्या फौजेला आणि टपालाला हवा होता. पुढे 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवीत कापसाचे भाव कडाडले, तेव्हा नाल्यात रुतणारी कापसाची गाडी व्यापाऱ्यालाही परवडेना. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. तापीसारख्या रुंद पात्रावर रेल्वेने दगडी खांबांवर लोखंडी तुळया टाकल्या. निव्वळ दगडी कमान राहिली ती ओढ्या-नाल्यांवर आणि लहान नद्यांवर. 1872 च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणेला महापूर आला, आणि पांझरेने धुळ्याची दाणादाण उडवली. पुलाला पाणी जायला जागा किती सोडायची, हा प्रश्न इथे कागदावरचा नव्हता.

बांधणीची रीत साधी. लाकडी साचा उभारायचा, दोन्ही बाजूंनी घडीव काळे दगड चढवत न्यायचे, माथ्यावर मधला दगड ठोकून बसवायचा आणि चुना धरला की साचा काढायचा. मग वरचे वजनच दगडांना एकमेकांवर दाबून धरते. म्हणून बैलगाडीसाठी बांधलेली कमान उसाचा ट्रकही पेलते.

कमान सहसा वरून मोडत नाही. सांध्यात पिंपळ रुजतो, वरून सिमेंट थापले की आतला ओलावा कोंडतो, तरी ती तग धरते. खालची जमीन सुटली की मात्र इलाज नसतो. गिरणा आणि तापीच्या पात्रांतून वाळू बेसुमार उपसली गेली आहे. पात्र खोल गेले की खांबांचे पाये उघडे पडतात, आणि पुढच्या पुरात पाणी थेट पायाखालून वाहते.