सकाळी पास, दुपारी नापास

ओळखीतल्या एकांच्या बागेतल्या तळ्यात एप्रिलमध्ये तीन कोई मासे एका संध्याकाळी पोट वर करून तरंगताना दिसले. शेजारच्या काकूंचा निकाल तयार होता: घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं. मालक मात्र चक्रावले होते. "सकाळीच किटने तपासलं हो! अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम. दुकानदार म्हणाला, एवढा चालतो."

चालतो, पण किती वाजता?

किटच्या नळीतला रंग दाखवतो तो एकूण अमोनिया. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. हायड्रोजन आयन चिकटला की अमोनियम. त्यावर विद्युतभार असल्याने कल्ल्यांच्या पटलातून तो सहजी शिरत नाही. आयन सुटला की उरतो नुसता अमोनिया, भाररहित, बिनदिक्कत आरपार जाणारा. मासा आपल्या शरीरातला अमोनियाही याच वाटेने बाहेर टाकतो. बाहेर तोच दाटला की वाट तुंबते आणि विष रक्तात साठतं.

कुठलं रूप किती, हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७.५ असेल तर भाररहित अमोनिया जेमतेम पावणेदोन टक्के. ९ असेल तर ३६ टक्के. (सामूची मोजपट्टी लॉगरिदमची. दीड अंक वर गेला की हायड्रोजन आयन सुमारे तीसपट घटतात.) म्हणजे सामू सकाळी ७.५ आणि दुपारी ९ असेल, तर त्याच १ मिलिग्रॅमपैकी सकाळी ०.०१८ घातक, दुपारी ०.३६. कल्ल्यांना इजा ०.०५ च्या आसपासच सुरू होते.

दुपारी सामू चढवतं ते हिरव्या पाण्यातलं शेवाळ. उन्हात ते विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे कार्बोनिक आम्ल घटतं. रात्री श्वसनाने तो परत येतो. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर हा झोका आखूड राहतो. नुसत्या पावसाच्या पाण्यावर भरलेल्या तळ्यात तो लांब जातो.

म्हणून तपासणी दोनदा: उजाडताना आणि दुपारी चारला, अमोनिया आणि सामू दोन्ही. आकडा चढला तर खाणं बंद आणि पाव भाग पाणी बदलायचं, नळाचं असेल तर आधी क्लोरीन घालवून. 'एका रात्रीत तळं निर्मळ' म्हणणाऱ्या बाटल्यांवर मी पैसे घालवणार नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आपसूक वस्ती करतात, फक्त त्यांना चार-सहा आठवडे द्यावे लागतात. स्पंज धुवायचाच तर बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन, हलक्या हाताने, म्हणजे ही वस्ती टिकते.

आपल्या मालकांनी तो आदल्याच रविवारी नळाखाली चोळून पांढराशुभ्र केला होता.