व्हाळातल्या फेसात काय असतं?

थंडीच्या दिवसांत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सकाळचं चालायचं असेल, तर व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, काठ धरावा. फारसा चढ नसतो आणि जूनपासून रोरावणारं पाणी आता घोट्याएवढं उरलेलं असतं. वाळपईपलीकडे म्हादई अभयारण्याच्या हद्दीत असे कितीतरी व्हाळ आहेत. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि ऊन डोंगराआडून वर यायच्या आत निघायचं. त्या वेळी पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, गार हवा जड असल्यामुळे उतारावरून दरीत येऊन साचते आणि पाणी मात्र तिच्याहून ऊबदार राहिलेलं असतं.

पावसाळा संपून दोन-तीन महिने झाले तरी पाणी वाहतंय, कारण डोंगरातल्या मातीत आणि खडकांच्या भेगांत मुरलेला पाऊस अजून झिरपतो आहे. पण या पाण्यातले जीव खातात काय? वर झाडांची सावली इतकी दाट, की शेवाळ वाढायला पुरेसं ऊन खाली पोचतच नाही.

त्यांचं अन्न वरून पडतं. याच दिवसांत किंदळ आणि माट्टी ही झाडं पानं गाळू लागतात. स्टुअर्ट फिशर आणि जीन लायकन्स यांनी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बेअर ब्रुक नावाच्या लहानशा ओढ्याचा ऊर्जेचा ताळेबंद मांडला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. ओढ्याला मिळणारी ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा बाहेरून, म्हणजे भोवतालच्या जंगलातून आणि वरच्या अंगाच्या पाण्यातून येत होती. पुढे फिशर ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या सिकॅमोर क्रीक या ओढ्यावर काम करू लागले. तिथे काठावर सावली जवळजवळ नाही, म्हणून पाण्यातलं शेवाळच सगळ्यांना पोसतं. सत्तरीचा व्हाळ पहिल्या जातीचा.

मात्र नुसतं पान फार कोणाच्या कामाचं नसतं. पाण्यात पडल्यावर एक-दोन दिवसांत त्यातले विरघळणारे पदार्थ निघून जातात. उरतो तो चिवट, पचायला अवघड भाग. त्याच्यावर बुरशी चढते, आणि माझ्या मते व्हाळाची खरी गोष्ट इथून सुरू होते. बुरशीचे धागे पानात शिरून ते मऊ करतात आणि स्वतःची प्रथिनंही त्यात भरतात. मग कॅडिसफ्लायसारख्या कीटकांच्या अळ्या ते कुरतडतात. यांतल्या काही अळ्या वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती नळी बांधतात. दगड अलगद उलटून पाहिला तर ती दिसते. दगड पुन्हा तसाच ठेवावा.

ही बुरशी नीट ओळखीची झाली ती १९४२ साली, जेव्हा सी. टी. इनगोल्ड यांनी इंग्लंडमधल्या एका ओढ्यातल्या आल्डर नावाच्या झाडाच्या कुजक्या पानांवरच्या जातींचं वर्णन केलं. गोवा विद्यापीठात डॉ. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातल्या बुरशींवर दीर्घकाळ काम केलं आहे. या पाणबुरशीच्या कित्येक जातींचे बीजाणू, म्हणजे नवी बुरशी ज्यांतून उगवते ते बारीक कण, चार हातांचे असतात. वाहत्या पाण्यात गोल कण पानावर आपटून सहज निसटतो, पण चार हातांचा बीजाणू तीन टोकांनी तिवईसारखा टेकतो आणि चिकटून राहतो.

हेच बीजाणू बुडबुड्यांत अडकतात. छोट्या वझराखाली, म्हणजे धबधब्याखाली, दगडाच्या आडोशाला जो पिवळसर फेस साठतो, त्यात ते भरपूर सापडतात. बरेच जण तो फेस घाण समजून पाय बाजूला घेतात. वास्तविक पानांतून सुटलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि खळखळाटात फेस धरतो. त्याला मातकट वास येतो. साबणाचा फेस पांढराशुभ्र असतो आणि बहुधा सुगंधी. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या फेसाचा एक थेंब ठेवला, तरी चार हातांचे तारे दिसू शकतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आवर्जून करावं.

काठावर झाडं कोणती आहेत, यावरही पाण्यातली बुरशी ठरते. पोर्तुगालमध्ये निलगिरीच्या लागवडीतून वाहणाऱ्या ओढ्यांत बुरशीच्या जाती कमी आढळल्या. पानं कुजण्याचा वेग मात्र घटला नव्हता, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे. आपल्याकडे एक काठ रानाचा आणि दुसरा काजूच्या बागायतीचा, असे व्हाळ पुष्कळ आहेत. दोन्ही काठांच्या पानांवर कोण वाढतं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.