सच्छिद्र सिलिकॉन: छिद्रांतून घडणारे रंग

साध्या सिलिकॉनमधून दृश्य प्रकाश जवळजवळ निघतच नाही. त्याची ऊर्जाफट, म्हणजे इलेक्ट्रॉनला बंधनातून सुटण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तीही अप्रत्यक्ष, म्हणजे प्रकाश सहजी बाहेर पडू न देणारी. जो काही क्षीण प्रकाश निघतो तो अवरक्त असतो. म्हणून १९९० मध्ये ब्रिटनमधील ली कॅनहॅम यांनी सच्छिद्र सिलिकॉन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेलं सिलिकॉन, खोलीच्या तापमानाला तांबूस-नारिंगी उजळताना दाखवलं, तेव्हा खळबळ उडाली. हा पदार्थ मात्र तसा जुनाच. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनला विद्युत-पद्धतीने झिलई करताना त्याचा थर सापडला होता. कॅनहॅम यांचं स्पष्टीकरण असं: छिद्रांमधल्या भिंती काही नॅनोमीटर इतक्या पातळ झाल्या की त्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि ऊर्जाफट रुंदावते.

या उजळण्याला प्रसिद्धी मिळाली, पण जास्त कामाचा ठरला तो परावर्तित होणारा रंग.

थर बनवायला पी-प्रकारची (धन विद्युतभार वाहणारी) वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, टेफ्लॉनच्या पात्राच्या तळाशी रबरी कड्याने घट्ट बसवतात. काचेचं पात्र चालत नाही, कारण हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं. वेफरखाली ॲल्युमिनियमचा पत्रा, वर द्रावणात प्लॅटिनमची जाळी; या दोन्हींमधून विद्युतधारा सोडली की आम्ल वेफरमध्ये छिद्रं कोरत जातं. ४८ टक्के आम्ल आणि इथेनॉल यांचं ३:१ प्रमाण नेहमीचं. इथेनॉल नसेल तर हायड्रोजनचे बुडबुडे पृष्ठभागाला चिकटतात आणि थरावर डाग उमटतात. जाळी एका बाजूला झुकली तर थराची जाडी कमी-जास्त होते. कडं गळलं तर आम्ल पत्राच खातं आणि विद्युतजोडणी तुटते. हे आम्ल त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, वेदना कधी कधी उशिरा सुरू होतात. त्यामुळे धूरकपाट (वाफा ओढून घेणारं कपाट), योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय कामाला हात लावू नये.

खरी किमया विद्युतधारेची. धारा वाढवली की सच्छिद्रता वाढते आणि अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो याचं माप, उतरतो. घन सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५, भरपूर छिद्रं असतील तर तो १.५ च्या आसपास येतो. कोरणं छिद्रांच्या तळाशीच चालतं, वर तयार झालेला थर तसाच राहतो. म्हणून धारा आलटून पालटून कमी-जास्त केली की एकाच वेफरमध्ये थराखाली थर तयार होत जाऊन आरसा बनतो. ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश परतवायचा तर प्रत्येक थराची प्रकाशीय जाडी (जाडी गुणिले अपवर्तनांक) पाव तरंगलांबी, म्हणजे १५० नॅनोमीटर हवी: अपवर्तनांक १.५ असेल तिथे १०० नॅनोमीटर, २.२ असेल तिथे ६८. धारा फारच वाढली तर छिद्रं पडण्याऐवजी झिलई होते आणि थर सुटून येतो. मोकळा पापुद्रा हवा असेल तेव्हा हेच मुद्दाम करतात.

सुकवताना घात होतो. बाष्पीभवन होताना द्रवाच्या पृष्ठताणाने भिंती ओढल्या जातात आणि जाड, फार सच्छिद्र थर तडकतो. शेवटचं धुणं कमी पृष्ठताणाच्या पेंटेनने केलं तर तो बहुधा वाचतो.

या परावर्तित रंगावरून बाष्प ओळखणारा संवेदक बनवता येतो, त्याचा हिशेब पाहू. ५ मायक्रोमीटर जाडीच्या एकाच थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या किरणांत व्यतिकरण होतं, म्हणजे ते एकमेकांना बळ देतात किंवा खोडतात, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात होतं तसंच. अपवर्तनांक १.५० असेल तर परावर्तित प्रकाशाच्या तीव्रतेचं एक शिखर ६०० नॅनोमीटरला येतं. छिद्रांत बाष्प शिरून तो १.५१ झाला की तेच शिखर ६०४ वर सरकतं. साधा वर्णपटमापीसुद्धा ४ नॅनोमीटरचा फरक सहज पकडतो.

अडचण अशी की ताज्या थरावरचे सिलिकॉन-हायड्रोजन बंध हवेत हळूहळू ऑक्सिडीकृत होतात. ऑक्साइडचा अपवर्तनांक कमी, त्यामुळे बाष्प नसतानाही शिखर निळ्याकडे सरकत राहतं. संवेदक वापरण्याआधी थर भट्टीत ऑक्सिडीकृत करून घेणं किंवा त्यावर सेंद्रिय रेणू जोडणं हा त्यावरचा उपाय. तो टाळला तर महिन्याभरापूर्वीच्या मोजमापाशी आजचं मोजमाप ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही.

शरीरातील द्रवात हाच पदार्थ विरघळून सिलिसिक आम्ल बनतो, जे मूत्रावाटे बाहेर जातं. औषध भरलेल्या कणांसाठी ही मोठीच सोय आहे: कण झिजत जातो तसतसा त्याचा परावर्तित रंग बदलतो, आणि त्यावरून झिजेचा अंदाज बांधता येतो.